आतडं बरं झाल्यानंतरचा आजार

कोलोनोस्कोपीच्या गुंगीतून मी अजून पुरता बाहेर आलो नव्हतो, तेव्हा डॉक्टर निगम मॅडमनी ते दोन शब्द सांगितले. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात आणि त्यांतून रक्त जातं. शरीराची रक्षण करणारी व्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते. का उलटते, ते नेमकं कुणाला ठाऊक नाही. आजार मुळापासून जात नाही, पण औषधांनी शांत होतो आणि वर्षानुवर्षं शांत राहू शकतो.

हे सगळं त्या हिंदीत, सावकाश, माझ्या खाटेच्या कडेला उभ्या राहून सांगत होत्या. माझ्या मनात मात्र एकच विचार होता, आणि तो लिहायला आजही संकोच वाटतो. हे लोकांना सांगण्यासारखं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हृदयाचा आजार सांगता येतो. साखरेचा तर लोक कौतुकाने सांगतात. याचं काय सांगायचं?

मी झाशीतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वय बावन्न. पुढचं सगळं लिहितो आहे ते ज्यांना हा आजार आहे आणि ज्यांनी तो माझ्यासारखाच झाकून ठेवला आहे त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे सांगण्यासारख्या आहेत त्या बहुतेक चुकाच.

पहिली चूक निदानाच्याही आधीची. रक्त जायला लागून चार महिने झाले होते. पत्नीला, सुनंदाला, ते तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही धुण्याच्या कपड्यांवरून. तिनेच ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम वयाने लहान दिसत होत्या. त्यांनी विचारलं, "ब्लड कब से आ रहा है?"

"यही कोई पंद्रह दिन से," मी म्हणालो.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला शांतपणे, चेहरा न बदलता मराठीत म्हणालो, "चार महिन्यांचं काढू नकोस. उगाच बोलणी खावी लागतील. आणि ही तर पोरगीच दिसते, हिला कितपत कळणार आहे."

हे आमचं जुनं वळण. झाशीत आम्ही मराठी माणसं थोडी. कित्येक पिढ्यांपूर्वी कारभाराच्या निमित्ताने आलेली आणि इथलीच झालेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे चारचौघांत गुपित बोलायचं तर मराठीत, ही सवय लहानपणापासूनची. बड्या बाजारात आई दुकानदाराच्या तोंडावर हसून म्हणायची, "लुगड्याचा रंग जाणार बघ, ऊठ इथून." दुकानदारही हसायचा. मराठी ही आमच्यासाठी भर रस्त्यात दार लावून घेण्याची सोय होती.

उपचार सुरू झाले. मेसालामाइनच्या गोळ्या, म्हणजे आतड्याच्या अस्तराची सूज उतरवणारं औषध. सुरुवातीला काही आठवडे स्टेरॉइड. त्याने रक्त थांबलं, भूक लागली, चेहरा सुजला. झोप उडाली, चिडचिड वाढली. मॅडमनी बजावलं होतं की या औषधाने मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो, तसं काही वाटलं तर सांगा. मी सांगितलं नाही. स्टेरॉइड हळूहळू कमी करून बंद झालं, तरी मन जिथे गेलं होतं तिथेच राहिलं.

एव्हाना माझ्या डोक्यात झाशीचा एक वेगळाच नकाशा तयार झाला होता. सदर बाजारात कुठल्या बँकेचा चौकीदार आत जाऊ देतो. कुठल्या पेट्रोल पंपावर संडासाची कडी लागत नाही. कॉलेजला जायचं तर आदल्या संध्याकाळपासून जेवण बंद. पिशवीत कपड्यांचा एक जोड, वर एक जाड पुस्तक, कुणी डोकावलं तर पुस्तक दिसावं म्हणून. ग्रंथालयाच्या इमारतीत स्वच्छतागृह नाही, मैदान ओलांडून जावं लागतं. आमचे शिपाई रामसेवक भैया दारात बसलेले असत.

"सर जी, फिर चले? रजिस्टर में दस्तखत करवा लें का?" असं ते म्हणायचे आणि वाचायला बसलेली मुलं हसायची. त्यात दुष्टपणा नव्हता. पण मी मैदान ओलांडणं टाळू लागलो आणि मग कॉलेजच टाळू लागलो.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या टहरौली गावी परीक्षेची ड्यूटी लागली. बसचा प्रवास. मी ओळखीच्या एका डॉक्टरकडून टायफॉइडचा दाखला आणला. खऱ्या आजाराची जाडजूड फाइल घरात असताना मी खोट्या आजाराचा कागद नेऊन दिला. प्राचार्य म्हणाले, "आराम कीजिए, टायफॉइड बुरी चीज़ है." मला बरं वाटलं. कुणालातरी माझ्याबद्दल सहानुभूती वाटत होती, आणि तिला वास नव्हता.

ऑक्टोबरात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय एक्क्याऐंशी, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही ती खाटेवरून उठली नाही. तिचं सगळं अंथरुणातच. दिवसा एक बाई येत, सकाळचं आणि रात्रीचं मी करायचो. तिला उचलायचं, पुसायचं, चादर बदलायची. मला त्याची कधी किळस आली नाही, हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. आलीच नाही. ती डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, "बाळू, तुला हे करावं लागतंय रे."

मी म्हणायचो, "त्यात काय, आई."

पौषात ती गेली. पहाटे, झोपेत. धाकटा भाऊ श्रीकांत भोपाळहून दुपारपर्यंत पोचला. तोवर घर माणसांनी भरलं होतं. झाशीतली मराठी घरं अशा वेळी सगळी येतात. अंगणात तिरडी बांधली गेली. मी थोरला. मडकं धरायचं माझ्याकडे, अग्नी द्यायचा माझ्याकडे. आदल्या रात्रीपासून मी काही खाल्लं नव्हतं. तरी पोटात पिळवटायला लागलं, आणि मला एवढंच दिसत होतं की मुक्तिधाम स्मशानापर्यंतच्या रस्त्यावर जायला एकही जागा नाही.

गल्लीच्या तोंडापर्यंत मी चाललो. तिथे हातातलं मडकं श्रीकांतकडे दिलं. "चक्कर येतेय," एवढंच बोललो आणि मागे वळलो. मागून कुणीतरी म्हणालं, "थोरल्याचं काळीज हळवं हो."

घरी येऊन मी संडासात जाऊन बसलो. काही झालं नाही. अर्धा तास मी तिथे नुसता बसून होतो, आणि बाहेर बायका दबक्या आवाजात विचारत होत्या, बरे आहेत ना ते. तेवढ्या वेळात माझ्या धाकट्या भावाने आईला अग्नी दिला.

तेरा दिवस लोक येत राहिले. माझ्या हळवेपणाबद्दल बोलत राहिले. मी ते ऐकून घेतलं. खरं तर मला रडूही आलं नव्हतं. आई गेल्याचं दुःख मला जाणवतच नव्हतं, जणू ते शेजारच्या घरातलं होतं. श्रीकांत माझ्याशी फारसं बोलला नाही. जाताना फक्त म्हणाला, "येतो, दादा." एरवी तो खाली वाकायचा. त्या दिवशी वाकला नाही.

त्यानंतरचे चार महिने मला नीट आठवत नाहीत, कारण आठवण्यासारखं काही घडलंच नाही. मी रजेवर होतो. पुस्तक उघडायचो आणि एकाच पानावर तास जायचा. ज्या माणसाचं सगळं आयुष्य वाचण्यात गेलं त्याला एक परिच्छेद पुरा होईना. अंघोळ दोन दोन, चार चार दिवस टळायची. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीत धडधड. आतड्याच्या गोळ्या मी कधी घ्यायचो, कधी नाही. घेतल्या काय आणि न घेतल्या काय, असं वाटायचं. सुनंदाने विचारलं की "घेतल्या" म्हणायचो. ती गोळ्या मोजते हे मला नंतर कळलं.

दर भेटीत दवाखान्यात एक कागद भरून घेत. नऊ प्रश्न, मनःस्थितीबद्दलचे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागते का, असे. प्रत्येकापुढे "कधीच नाही"पासून "जवळजवळ रोज"पर्यंत चौकटी. मी नऊच्या नऊ खुणा "कधीच नाही"वर करायचो. फॉर्म नीटनेटका भरल्याचं समाधानही वाटायचं.

मे महिन्यात फीकल कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी झाली. शौचाच्या नमुन्यातून आतड्याची सूज किती आहे हे त्यात कळतं. मॅडमनी कागद पाहिला आणि हसून म्हणाल्या, "रिपोर्ट बहुत अच्छी है. सूजन लगभग नहीं है. जनवरी वाली भी ठीक ही थी. फिर ये दिन में आठ-दस बार क्यों जाना पड़ रहा है आपको?"

जानेवारीची. म्हणजे आई गेली त्याच आठवड्याची. गल्लीच्या तोंडाशी मी मडकं सोडलं तेव्हा माझं आतडं ठीक होतं. इतके दिवस निदान आजार तरी होता, आता तोही गेला.

सुनंदा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना. जेवत नाही, झोपत नाही, अंघोळ नाही. सांगा."

मीही मराठीतच, नेहमीच्या बिनचेहऱ्याच्या आवाजात म्हणालो, "रिपोर्ट चांगली आली काय, वाईट आली काय, मला काय फरक पडतो. सकाळी डोळेच उघडू नयेत असं वाटतं रोज. हे यांना सांगून काय होणार? वेडाची गोळी देतील. चल, ऊठ."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. उठून दाराला आतून कडी घातली आणि परत येऊन बसल्या.

"तुम्ही आत्ता जे बोलला ना, ते मला परत सांगा," त्या म्हणाल्या. "मराठीतच सांगा. मला समजते. नागपूरला शिकली मी, पाच वर्षं."

मी बावन्न वर्षांचा माणूस, त्या खुर्चीत लहान मुलासारखा कानापर्यंत तापलो. सुनंदाने पदर तोंडावर धरला, ती हसत होती की रडत होती ते कळेना. टेबलावर माझी फाइल उघडी होती. पहिल्या भेटीच्या पानावर मॅडमनी लिहिलं होतं, चार महिन्यांपासून रक्तस्राव. मी पंधरा दिवस सांगितले होते.

"पहिल्याच दिवशी बोलणार होती," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मला पोरगी म्हणालात. मग म्हटलं, ऐकू देत काय काय म्हणतात ते. तुम्ही दोघं तर चांगलं बोलायचे माझ्यासमोर. मागच्या वेळी माझ्या सँडलबद्दल बोलले."

"चांगलंच म्हणाले होते मी," सुनंदा पुटपुटली.

"हो, ताई. म्हणून तर घालून आली आज." मग त्यांचा आवाज बदलला. "पण माझंही चुकलं. तो फॉर्म तुम्ही खोटा भरता, हे मला दिसत होतं. मी वाट पाहत बसली की तुम्ही स्वतः सांगाल. आज गप्प बसता येत नाही. डोळे उघडू नयेत, म्हणजे काय? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?"

इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. करून घ्यावं असं नाही, तसं काही ठरवलेलं नाही. पण आपण नसलो तर बरं, हे रोज वाटतं. हे बोलल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की मी महिनोन्‌महिने हेच वाक्य पोटात घेऊन फिरत होतो.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. या आजारात डिप्रेशन आणि अँग्झायटी, म्हणजे सततची उदासी आणि सततची धास्ती, ही पुष्कळ रुग्णांना होते. तो स्वभावाचा दोष नाही आणि कमकुवतपणाही नाही. मेंदू आणि आतडं यांच्यात दोन्ही बाजूंनी निरोपांची ये-जा असते. आतडं सुजलं की मन बिघडतं. मन बिघडलं की सूज नसतानाही आतडं पळापळ करवतं, आणि माणूस गोळ्या चुकवतो, मग सूज परत येते. म्हणून एकावर उपचार करून भागत नाही.

"जानेवारीत जे झालं, तोसुद्धा आजारच होता," त्या म्हणाल्या. "फक्त माझ्या यंत्रात दिसणारा नाही."

त्यांनी तिथल्या तिथे मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला आणि त्याच दुपारची माझी वेळ ठरवली. सुनंदाला सांगितलं की आज यांना एकटं सोडू नका, आणि असं काही पुन्हा मनात आलं तर वेळ न बघता दवाखान्यात या.

मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर मी रुमालाने निम्मा चेहरा झाकून बसलो. मे महिना असल्याने उन्हाचा बहाणा होता. कुणी मराठी माणूस दिसू नये, एवढीच प्रार्थना होती. मराठी नाही दिसला. समोरून रामसेवक भैया आले, मागे त्यांची पत्नी.

"अरे सर जी, आप!" त्यांनी लांबूनच आवाज दिला. सगळा बाक माझ्याकडे वळला. "बड़े अच्छे डॉक्टर हैं. हमाई घरवाली दो साल से दिखा रही हैं. पहले तो चूल्हे के सामने बैठी रोती रहती थीं. अब हमें डाँटती हैं." त्यांच्या पत्नीने त्यांना कोपराने ढोसलं. मग ते माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "हमें का पता था सर जी. हम तो ठिठोली करते रहे." त्या दिवसानंतर रजिस्टरचा विनोद झाला नाही. खरं सांगायचं तर पुढे मला तो कधीकधी हवासा वाटला.

डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली एक गोळी सुरू केली. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं काम ती सुधारते. त्यांनी आधीच सांगितलं की गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा पातळ शौच होऊ शकतं, घाबरून सोडू नका, फोन करा. या गोळीचं झोपेच्या गोळीसारखं व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायची नाही. आतड्याच्या औषधांशी ती जुळते की नाही, हे त्यांनी निगम मॅडमशी बोलून पाहिलं.

पहिले सहा दिवस वाईट गेले. पोट खरंच बिघडलं. पूर्वीचा मी असतो तर गोळ्या गुपचूप टाकून "घेतल्या" म्हणालो असतो. मी फोन केला. त्यांनी मात्रा काही दिवस निम्मी केली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी वर्तमानपत्रातला अग्रलेख शेवटपर्यंत वाचला. अग्रलेख सामान्य होता. मी तो सुनंदाला पुन्हा वाचून दाखवला.

गोळीच्या जोडीला दर शनिवारी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जायचं होतं. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे आपण काय समजून चालतो आणि त्यामुळे कसं वागतो, हे तपासून थोडं थोडं बदलायची पद्धत. तिथे गृहपाठ असतो. एकदा गृहपाठ असा होता की बड्या बाजारात जायचं, पोट भरून खाऊन जायचं, आणि एका अनोळखी दुकानदाराला विचारायचं, बाथरूम मिळेल का. गरज असो वा नसो.

मी तीन दुकानांवरून पुढे गेलो. चौथं भांड्यांचं. मालक स्टूलवर बसून पितळी परात पुसत होते.

"भैया, बाथरूम मिल जाएगा? पेट की बीमारी है," मी म्हणालो. शेवटचे चार शब्द गृहपाठात नव्हते.

"ऊपर चले जाइए बाबूजी," ते वर न बघता म्हणाले. "जीने पर अम्मा बैठी होंगी मटर छीलती, उनसे डरिएगा मत. पूछेंगी किसके यहाँ के हो. बता दीजिएगा, नहीं तो उतरने नहीं देंगी."

मी वर गेलो. अम्मांनी विचारलं, मी सांगितलं. खाली आलो तेव्हा मालक दुसरी परात पुसत होते. एक वर्षभर ज्या गोष्टीच्या भीतीने मी घरात बसलो, ती एवढीच होती. मी त्यांच्याकडून एक वाटी विकत घेतली, उगाचच.

पुढच्या शनिवारी बाईंनी एकच प्रश्न विचारला. "माताजी की चादर बदलते समय आपने उनके बारे में क्या सोचा?"

"कुछ नहीं," मी म्हणालो. "माँ हैं, बस इतना ही."

त्यांनी पुढच्या शनिवारची वेळ लिहून दिली. मी घरी येईपर्यंत ऑटोत तोच प्रश्न घोळवत राहिलो. तिला जी माफी मी न मागता दिली होती, ती स्वतःला द्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कार्तिकात श्रीकांतचा फोन आला. वर्षश्राद्धाची तिथी जवळ येत होती. "दादा, तू करशील की मीच करू?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "आधी तुला एक सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. रक्तापासून टायफॉइडच्या दाखल्यापर्यंत, आणि त्या दिवशी चक्कर आली नव्हती हेही.

"मला वाटलं तू आईला टाकून घरी गेलास," तो म्हणाला. "मी तिथे एकटा होतो, दादा. मला मंत्रही येत नव्हते. लोक सांगत होते तसं करत गेलो. वर्षभर मी तुझ्यावर दात धरून आहे."

"धरण्यासारखंच होतं."

"मूर्ख आहेस. गल्लीत थांबवायचं होतंस सगळ्यांना. आई काय पळून जाणार होती? तिने अर्धा तास वाट बघितली असती की तुझी." मग, "गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

"घेतो. वहिनी मोजते तुझी."

आता राहिले गुरुजी. आमच्या घरचं सगळं धर्मकार्य वर्षानुवर्षं तेच करतात. श्राद्धाला सोवळ्यात दोन-अडीच तास बसायचं आणि मधून उठायचं नाही, ही माझी लहानपणापासूनची समजूत. ती मी कधी कुणाला विचारून पाहिली नव्हती. पूर्वीची युक्ती होती ती उपाशी राहण्याची. या वेळी मी त्यांच्या घरी गेलो, आजाराचं नाव सांगितलं आणि विचारलं, मधूनच उठावं लागलं तर?

"उठायचं," गुरुजी म्हणाले. "पवित्रक काढून ठेवायचं, जाऊन यायचं. हातपाय धुऊन, वाटलं तर अंघोळ करून, पुन्हा सोवळं नेसायचं. आचमन करून बसायचं. राहिलं तिथून पुढे."

"एवढंच?"

"मग काय हवं होतं तुम्हाला? धर्मशास्त्र काय तुमच्या पोटावर टपून बसलंय? त्या दिवशी मुक्तिधामातही हेच सांगितलं असतं. विचारलंत कुठे?"

श्राद्धाच्या दिवशी सकाळी मी चहाबरोबर दोन पोळ्यांचा चुरा खाल्ला. उपवास करायचा नाही, हे मॅडमनी निक्षून सांगितलं होतं आणि गुरुजींनी मान्य केलं होतं. श्रीकांत माझ्या डाव्या हाताला बसला. समोर आईचा फोटो. संकल्प झाला, आणि साधारण अर्ध्या तासाने पोटात कळ आली. मी बोटातलं दर्भाचं पवित्रक काढलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला जाऊन यायचंय."

कुणी वर पाहिलं नाही. मी गेलो, अंघोळ करून, ओलं सोवळं नेसून परत आलो. पाटावर श्रीकांत एकटाच होता. गुरुजींचं आसन रिकामं.

"ते?" मी विचारलं.

"तेही गेलेत," श्रीकांत म्हणाला. "म्हणाले, प्रोस्टेट आहे, तुमच्या दादाने सोय केली. इतकी वर्षं दाबून बसायचे म्हणे."

आधी तो हसला. मग मी हसलो. दोघं भाऊ उघड्या अंगाने, थंडीत कुडकुडत, आईच्या फोटोसमोर तोंड दाबून हसत होतो, आणि हसता हसता माझं काहीतरी सुटलं. मी रडायला लागलो. वर्षभरानंतर, पहिल्यांदा, मोठ्याने. आई नाही, हे मला त्या पाटावर कळलं. सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. श्रीकांतने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही. गुरुजी हात पुसत आले, पाहिलं, आणि पोथी न उघडता बाजूला बसून राहिले.

गोळ्या अजून चालू आहेत, दोन्ही आजारांच्या. मॅडमच्या समोर आम्ही आता मराठीतच बोलतो, त्यांच्याशी. नऊ प्रश्नांचा कागद अजूनही भरतो. गेल्या वेळी दोन चौकटींत "काही दिवस" अशी खूण केली. खरी होती. सुनंदाने ती पाहिली आणि कागद माझ्या हातातून घेऊन आत नेऊन दिला. या पोटासकट आणि या मनासकट तिने मला दवाखान्यात ओढून नेलं नसतं, तर हे लिहायला मी राहिलो नसतो. तिचे आभार मी तोंडाने मानले नव्हते. इथे मानतो.